हवेच्या वजनाची साक्ष

विद्यार्थ्यांची परीक्षा सगळेच मास्तर घेतात, पण विद्यार्थ्यांच्या आया, आत्या आणि आजोबांची परीक्षा घेणारा मास्तर उभ्या निजाम इलाख्यात आमच्या सायन्सच्या मास्तरांखेरीज दुसरा झाला नाही. गुलबर्ग्यातलं आमचं कॉलेज इंटरपर्यंतचं, म्हणजे दोनच वर्षांचं. पोरं भालकीची, अफजलपूरची, मन्नाएखेळ्ळीची. घरी कुणाची मराठी, कुणाची कानडी, बहुतेकांची दोन्ही, आणि वर्गात सगळं शिक्षण उर्दूत. मास्तरांचा दंडक असा, की वर्गात उर्दूत शिकलेला धडा सुट्टीत घरी जाऊन घरच्या बोलीत कुणातरी मोठ्या माणसाला समजावून सांगायचा आणि मग त्या माणसाला बाजारच्या दिवशी कॉलेजात हजर करायचं. याला ते 'साक्ष' म्हणत. साक्षीदाराला धडा कळला असेल तर पोरगा पास. नाहीतर त्या पोराला ते काचेच्या एका नळीलासुद्धा हात लावू देत नसत. अशा या माणसाला उतारवयात स्वतःच परीक्षेला उभं राहावं लागलं. त्यांचा वर्ग त्यांच्याकडे राहणार की जाणार, हे त्या एका परीक्षेवर ठरायचं होतं, आणि त्यांनीही साक्षीदार शोधला. ती हकिकत मला सांगायची आहे. पण मास्तर कसे होते ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर मी थापा मारतोय असं वाटेल.

आमच्या कॉलेजात सायन्सचे पायाचे चार विषय होते. तबीयात म्हणजे पदार्थविज्ञान, कीमिया म्हणजे रसायन, नबातात म्हणजे झाडंझुडपं आणि हैवानियात म्हणजे प्राणी. विषय चार आणि मास्तर एक. कागदोपत्री दुसरे एक गृहस्थ होते, पण ते कायम रजेवर असत, आणि त्यांचं नाव निघालं की मास्तर मोठ्या आदराने "अल्ला उनको सेहत दे" म्हणत नि त्यांचाही तास घेत. मास्तरांची शेरवानी एकच होती, पण विषय बदलला की तिची तऱ्हा बदलायची. तबीयातला गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. कीमियाला बाह्या कोपरापर्यंत वर. नबातातला बटणं उघडी, कारण तो तास कडुनिंबाखाली व्हायचा. आणि हैवानियातला शेरवानी खुंटीवर, कारण बेडूक. मास्तर बसवण्णांना मानणाऱ्या घरातले, गळ्यात लिंग. त्यांच्याच्याने बेडूक काही कापवेना. ते बेडकाला परातीत ठेवत, हात जोडून त्याची माफी मागत, काडीने एकेक अवयव दाखवत बाहेरून सगळं सांगत आणि तास संपला की त्याला कॉलेजच्या विहिरीत सोडून येत. त्यामुळे आमच्या पिढीला बेडूक बाहेरून तोंडपाठ आहे, आतला मात्र आम्ही आजतागायत पाहिलेला नाही. पुढे पुढे त्या विहिरीत इतके बेडूक झाले की पावसाळ्यात फारसीच्या मौलवीसाहेबांना खिडक्या लावून शिकवावं लागे. त्यांनी तक्रार केली तेव्हा मास्तर म्हणाले, "मौलवीसाहब, सगळे माझेच शागीर्द आहेत. एकदा ओरडून गप होतील." ते काही गप झाले नाहीत.

आपल्या मुलखाचा मास्तरांना फार अभिमान. आमच्याकडे शहाबादी फरशी म्हणजे घरात जमीनही तीच, फळीही तीच आणि छतही तीच. प्रयोगशाळेसाठी टेबलं करायची वेळ आली तेव्हा बाहेरून सागवान येणार होतं, पण मास्तर वरपर्यंत भांडले आणि टेबलांवर शहाबादी फरशा बसवून घेतल्या. पहिल्याच दिवशी कुणाच्या हातून तेजाब म्हणजे ॲसिड सांडलं आणि टेबल फसफसायला लागलं. ही फरशी म्हणजे चुन्याचा दगड आणि चुन्याच्या दगडाला तेजाब चालत नाही, हे मास्तर दरवर्षी दुसऱ्या महिन्यात शिकवत असत. टेबलं मागवताना मात्र ते त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. वर्ग बघत राहिला. मास्तरांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "बघा. या धड्यासाठी म्हणून मी ही टेबलं मुद्दाम मागवली." त्यानंतर दर वर्षी ते पहिल्या दिवशी आपल्या हाताने टेबलावर तेजाबाचा एक थेंब टाकत, आणि ती टेबलं हळूहळू देवीचे वण असलेल्या तोंडासारखी झाली.

सायन्स घ्यायला पोरं येत नसत. मॅट्रिक झालेल्या पोराला फारसी नि तवारीख म्हणजे इतिहास घ्यायला लावायचा आणि तहसिलीत चिकटवायचं, एवढंच घरोघरच्या बापांना ठाऊक. म्हणून मास्तर उन्हाळ्यात सर्व्हिसच्या मोटारीने गावोगाव हिंडत आणि पोरं मागत; वधूसंशोधनाला निघालेला मुलाचा मामासुद्धा इतकी वणवण करत नसेल. भालकीला आमच्या घरी ते असेच आले. माझे वडील आडतीचा व्यापार करणारे, माणूस मोजकं बोलणारा. त्यांच्या सोप्यात बसून मास्तरांनी पिशवीतून रुंद तोंडाची एक बाटली काढली आणि केळं मागितलं. हा प्रयोग खरा उकडलेल्या अंड्याचा, पण आमच्यासारख्या घरांत अंडं कुठून काढणार, म्हणून मास्तरांनी तो केळ्यावर बसवला होता. पेटता कागद त्यांनी बाटलीत टाकला, सोललेलं केळं तोंडावर उभं धरलं, आणि कागद विझता विझता केळं फटकन आत ओढलं गेलं. "आत ओढलं न्हाई," मास्तर बोट वर करून म्हणाले, "बाहेरच्या हवेनं ढकललं. हवेला वजन असतंय." माझी थोरली आत्या दारात उभी होती. तिला घरदार आणि सगळी गल्ली अक्का म्हणे. लहान वयात कपाळ पांढरं झाल्यावर ती माहेरी आली आणि पुढे सगळं घर तिच्याच शब्दावर चालू लागलं. ती पुढे आली, बाटली उचलून तिने उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "आत गेलं ते खरं. आता भाईर कसं काढायचं?"

"ते पुढच्या वर्षीच्या अभ्यासात हाय, अक्का," मास्तर म्हणाले.

वडील हसले. व्यवहारात हसणं म्हणजे सौदा झाला. मी सायन्सला गेलो, आणि केळं वाया घालवलं हा मास्तरांवरचा आरोप अक्काने कधी मागे घेतला नाही.

साक्षीचा हा नाद त्यांना का लागला, ते मास्तरांनी एकदाच सांगितलं. ते हैदराबादेत शिकायला होते तेव्हा सुट्टीत घरी आले की वडील विचारायचे, काय शिकलास? मास्तरांच्या डोक्यात उर्दूची पुस्तकंच्या पुस्तकं, पण घरच्या बोलीत एक वाक्य तोंडातून निघत नसे. "सांगू काय? मला वाटे, पुढच्या खेपेला सांगू," ते म्हणाले, "आणि पुढच्या खेपेला वडील नव्हते." एवढं बोलून त्यांनी फडक्याने टेबल पुसलं आणि तास पुढे सुरू केला.

साक्षीच्या दिवशी प्रयोगशाळेत वेताची एक खुर्ची मांडलेली असे. पाहुण्याला आधी पाणी, मग गूळ, मग प्रश्न. मन्नाएखेळ्ळीचे एक आजोबा मकनातीस म्हणजे लोहचुंबकावरच्या प्रश्नाला उत्तर द्यायला बसले आणि तरुणपणी हरवलेल्या बैलाच्या घंटेची गोष्ट सांगत राहिले. चुंबक असता तर घंटा सापडली असती, हे शेवटचं वाक्य ऐकून मास्तरांनी त्यांच्या नातवाला पास केलं. एका मुसलमान मित्राची आई पडद्याच्या टांग्यातून आली. टांगा खिडकीशी लावला गेला, मास्तर तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि भिंतीलाच प्रश्न विचारू लागले. टांग्यातून अशी खणखणीत उत्तरं आली की मास्तर भिंतीपुढे मान लववून "वाह, अम्माजान" म्हणाले. त्या दिवसापासून कुणाच्याही आईबहिणीला अवघड वाटतंय असं दिसलं की मास्तर भिंतीकडे वळत. आम्ही पोरं त्या भिंतीला परीक्षक म्हणायचो.

माझ्या साक्षीला वडील येईनात. "मी कोरटाची पायरी चढलो न्हाई, आता तुझ्या कालिजात साक्ष देऊ व्हय?" असं म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं. अक्का आली. तिला अवघडल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं, खुर्चीत बसून तिने आधी टेबलावरचे खड्डे बघितले आणि "टेबलं जरा बघून घ्यायची न्हाई का?" असं मास्तरांनाच विचारलं. मग प्रश्न सुरू झाले. मी तिला हवेचं वजन सुट्टीभर समजावलं होतं, आणि तिने ते घडाघडा सांगितलं. हवा सगळीकडून दाबते, आतून आणि बाहेरून सारखीच दाबते म्हणून आपल्याला कळत नाही, आतली कमी झाली की बाहेरची ढकलते. मास्तरांचा चेहरा फुलला. "शाबास! म्हणजे हवेला वजन असतंय."

"असतंय म्हणत्यात," अक्का म्हणाली. "पोरानं सांगितलं तसं म्या सांगितलं. पर मला पटलं न्हाई."

"कामून न्हाई पटलं?"

"आवो, वजन असतं तर आमच्या भावानं ती आडतीत इकली नसती का?"

वर्ग हसून लोळला. मास्तर मात्र गंभीर झाले. त्यांनी मला पूर्ण मार्क दिले, कारण त्यांच्या मते कळणं वेगळं आणि पटणं वेगळं, आणि कळलेलं न पटणारा माणूसच खरा साक्षीदार. पण ते त्यांना लागून राहिलं. त्यानंतर भालकीकडून जाताना मोटार थांबेल तेवढ्यात ते आमच्या घरी डोकावत आणि दारातूनच विचारत, "अक्का, पटलं का?" आणि आतून उत्तर येई, "न्हाई. च्या घेऊन जावा." अशी कित्येक वर्षं गेली. मी हैदराबादेला शिकून आलो, त्याच कॉलेजात मास्तरांच्या हाताखाली प्रयोग मांडून देणारा म्हणून लागलो. माझे वडील गेले तेव्हा मास्तर आले, सोप्यात बसून राहिले आणि निघताना पहिल्यांदाच त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. अक्काच आतून म्हणाली, "न्हाई पटलं, मास्तर. च्या घ्या."

मग अठ्ठेचाळीस साल आलं, निजामाचं राज्य गेलं. ते दिवस कसे गेले ते सांगायची ही जागा नव्हे. मुलखात सगळ्यांनीच फार सोसलं, आणि मास्तरांना कितीतरी जुने विद्यार्थी पुन्हा दिसले नाहीत. कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा बातमी आली, की पुढच्या वर्षापासून सगळं इंग्रजीत शिकवायचं, आणि हैदराबादेहून एक साहेब येऊन प्रत्येक मास्तराचा एक तास ऐकतील. ज्याला इंग्रजीत शिकवता येईल त्याचा वर्ग त्याच्याकडे राहील, ज्याला येणार नाही त्याची दुसरीकडे सोय करतील. मास्तरांना इंग्रजी वाचता येत होतं, पण बोलताना त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. हरारत म्हणजे उष्णता, दबाव, तपिशपैमा म्हणजे थर्मामीटर, या उर्दू शब्दांवर त्यांचा जीव. ते शब्द त्यांनी आयुष्यभर पोटच्या पोरांसारखे वागवले होते, आणि आता त्यांना घराबाहेर काढायचं होतं. पोटची पोरं त्यांना नव्हतीच, आणि बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती. वर्ग हेच त्यांचं घर. तो गेला असता तर माणूस कुठे जाणार, या विचाराने मलाच झोप लागेनाशी झाली. मास्तर मात्र म्हणाले, "धडा तयार आहे. साक्ष तेवढी राहिलीय."

पुढच्या बाजारच्या दिवशी मला बरोबर घेऊन ते भालकीला आले. गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी आणि हातात ती बाटली. अक्का सोप्यात तूर निवडत बसली होती. मास्तर उंबऱ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, साक्ष पायजे."

"कुनाची?"

"माझी."

"मला विंग्रजी येत न्हाई, मास्तर."

"मला तरी कुठं येतंय? म्हणून तर आलोय."

अक्काने सूप बाजूला सारलं, पदर सारखा केला आणि भिंतीला टेकून बसली. मास्तरांनी सुरुवात केली. "एअर हॅज वेट." पुढचं वाक्यही आलं. तिसऱ्याला ते अडखळले. त्यांनी वर बघितलं, उर्दू शब्द ओठांवर आला, तो गिळला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कपाळावर घाम आला. उर्दूत शिकवताना या माणसाला शब्द शोधताना मी कधी पाहिलं नव्हतं. शब्दच रांगेत उभे राहून त्यांची वाट बघायचे. आता प्रत्येक वाक्यामागे ते दम घेत होते, शेरवानी छातीवर वर-खाली होत होती, आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. अक्का हलली नाही. धडा कसाबसा संपला.

"काय कळालं, अक्का?"

"एक बी शब्द न्हाई."

मास्तर कसनुसे हसले. "मग?"

"मग काय? पुन्यांदा सांगा."

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. मग चहा झाला आणि अक्काने पुन्हा सांगायला लावलं. शेजारची पोरं दारात जमली होती, त्यांना तिने हुसकून लावलं. दिवस कलेपर्यंत हे चाललं, आणि शेवटच्या खेपेला धडा न अडखळता पार पडला. मास्तर समाधानाने मोटारीला गेले, मी मुक्कामाला राहिलो. त्या दिवशी "पटलं का" हे विचारायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. ते गेल्यावर अक्काने सूप ओढलं, पण तिचा हात चालेना. "ह्या वयात मानसाला असं बोबडं बोलाया लावू नगं रे," ती मला म्हणाली.

साहेब आले. माणूस चांगला होता, मास्तरांच्या वयाचा मान ठेवणारा. मास्तरांनी धडा भालकीला म्हटला होता तसाच, एक शब्द न चुकता म्हटला. मी मागे उभा राहून श्वास सोडला. तेवढ्यात साहेबांनी अगदी प्रेमाने इंग्रजीत एक साधा प्रश्न विचारला, की ही हवा आपल्याला चिरडून का टाकत नाही? त्याचं उत्तर मास्तरांना उर्दूत, कानडीत, मराठीत येत होतं. ते तर अक्कालाही येत होतं. मास्तरांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग त्यांनी खिशातून केळं काढलं, सोललं, बाटलीत पेटता कागद टाकला. केळं फटकन आत गेलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. पण हुकूम तो हुकूम. मला इंग्रजी बऱ्यापैकी बोलता येत होतं म्हणून वर्ग माझ्याकडे आला, आणि मास्तरांची बदली अफजलपूरला झाली, मिडल स्कुलात, लहान पोरांना सृष्टिज्ञान शिकवायला. जाताना त्यांनी टेबलावरून एकदा हात फिरवला, मला म्हणाले, "तेजाब जपून वापर," आणि वेताची खुर्ची उचलून टांग्यात घालून घेऊन गेले.

वर्ष सरत आलं, मी भालकीला घरी गेलो तेव्हा अक्काने विचारलं, "मास्तरांकडं साक्षीला कोन जायलंय?"

मी म्हटलं, "पोरं आपापल्या घरची माणसं आणतील की."

"पोरांचं पोरांपाशी. मास्तरांच्या घरचं कोन हाय?"

भालकीहून अफजलपूर म्हणजे दोन मोटारी आणि अर्धा जन्म. अक्का केळ्यांची एक फणी मांडीवर धरून वाटभर माझ्याशेजारी बसली. शाळा भीमेच्या अंगाला, दोन खोल्यांची. मास्तर वाळले होते, पण मराठी-कानडी मिसळून पोरांशी असे बोलत होते की दारातून ऐकतानाच मला बरं वाटलं. अक्काला बघून त्यांनी धडा थांबवला. वेताची खुर्ची पुढे आली, पाणी आलं, गूळ आला. पोरं डोळे मोठे करून बघत होती. मास्तरांनी घसा साफ केला आणि इतक्या वर्षांचा तो प्रश्न विचारला. "अक्का, हवेला वजन असतंय का न्हाई?"

तिचं उत्तर मला पाठ होतं. मास्तरांनाही होतं, ते हसायच्या बेतात होते.

"असतंय," अक्का म्हणाली.

मास्तर चपापले. "म्हणजे, पटलं?"

"पटलं. म्या डोळ्यांनी बघितलंय."

"बघितलं? हवेचं वजन? कुठं?"

"आमच्या सोप्यात. तुमी विंग्रजीत बोलत व्हताव तवा तुमच्या छातीवर व्हतं."

पोरांना हसावं की नाही ते कळेना. मास्तर हळूच वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पुढचा प्रश्न त्यांनी तिथूनच विचारला.

"बरं. मग अक्का, बाटलीतलं केळं भाईर कसं काढायचं?"

"ते पुढच्या वर्षीच्या अभ्यासात हाय," अक्का म्हणाली. "साक्षीला यीन तवा सांगते."

पुढची दोन-तीन वर्षं ती गेली. आता मास्तर नाहीत आणि अक्काही नाही. टेबलं तीच आहेत. दरवर्षी पहिल्या तासाला मी इंग्रजीत सांगतो की हवेला वजन असतं, केळं आत जातं, आणि एखादं पोर मागच्या बाकावरून विचारतंच, सर, बाहेर कसं काढायचं? बाटली उलटी धरून आत फुंकर मारली की ते येतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण मी भिंतीकडे वळतो आणि सांगतो, पुढच्या वर्षी.